गेट बंद, नक्कल चालू

तुमच्या कचेरीतल्या फायली एका दुपारी नाहीशा झाल्या, तर तुम्ही आधी कोणाकडे बघाल? त्या फायली राखणाऱ्या प्रोग्रामकडे, की गेटच्या केबिनमध्ये बसून त्या भरणाऱ्या मुलीकडे? घाईने उत्तर देऊ नका. मी ज्या गोदामात कामाला होते तिथे सगळ्यांनी घाई केली आणि मुलीकडे बघितलं. तो प्रोग्राम मी लिहिला होता, त्यामुळे बघायचं कुठे हे मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही. आज न विचारता सांगते.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. भिवंडीजवळच्या वळ गावच्या रस्त्याला तेव्हा भाताच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं उभी राहत होती. त्यातल्या एका मोठ्या गोदामाच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी नोकरीला लागले. हुद्दा मोठा वाटायचा, काम फुटकळ होतं. प्रिंटर अडकला, मशीन गोठली, डिस्क भरली की मला हाक यायची. तेच तेच काम हाताने करायचा मला कंटाळा, म्हणून मी प्रत्येक दुखण्यावर चार-सहा ओळींचा एक तुकडा लिहून ठेवायची. प्रिंटरच्या रांगेत अडकलेले कागद सोडवणारा तुकडा. लटकलेला प्रोग्राम शोधून बंद करणारा तुकडा. लाईट जाऊन यूपीएसची बॅटरी ओरडायला लागली की सगळ्या मशीन एकामागून एक नीट झोपवणारा तुकडा. सर्व्हरला केबलने एक जुना मोबाइल जोडला होता. त्याच्यावरून आपोआप एसेमेस पाठवणारा आणि आलेला एसेमेस वाचून हुकूम पाळणारा असाही एक तुकडा होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मी पाच-सात ओळी साध्या मराठीत लिहायची, रोमन अक्षरांत. हा तुकडा काय करतो. कधी चालवू नये. कोणी लिहिला. मशीन त्या ओळी वाचत नाही, पुढच्या माणसासाठी त्या असतात.

ही सवय घरची. आमचं घर भिवंडीतल्या नारपोलीत. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कधी उर्दू. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. वडिलांचा एक नियम होता. पत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवाच. बिननावाचा कागद त्यांना शिवीसारखा वाटायचा. वाटण्यापूर्वी ते गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलून आधी तळ बघायचे, मग मजकूर.

आमच्या रूमचे प्रमुख एक सर होते. ठाण्याहून यायचे, इस्त्रीचा शर्ट, पट्ट्याला दोन फोन. माझे तुकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वरच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, हे काय कीर्तन लावलंयस? कोड लिही, पत्रक नको." रूममधले दोघे हसले. मीही हसले, आणि ओळी तशाच ठेवल्या.

गेटच्या केबिनमध्ये माझी मैत्रीण बसायची. शेलार गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा. घरची सगळी मोलमजुरीला जाणारी. हिने बारावी करून भिवंडीत कॉम्प्युटरचा क्लास केला होता. पाड्यावरून मशीनवर बसणारी ती पहिलीच. येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद ती करायची, कुठला माल, कुठल्या खणात उतरला. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. बोलायला ती तिखट. ड्रायव्हर लोक तिला मॅडम म्हणायचे, तर ती म्हणायची, "मॅडम नको म्हनूस. चलान सरळ धर, उलटं वाचायला लावतो मना."

आता तो प्रोग्राम. गेटच्या नोंदी गेटच्याच मशीनवर राहायच्या. त्यांची नक्कल आमच्या सर्व्हरवर असावी म्हणून मी एक तुकडा लिहिला. सर्व्हर दर तासाला गेटची मशीन जोडून घ्यायचा, तिथे जे असेल त्याची हुबेहूब नक्कल स्वतःकडे करायचा आणि मशीन सोडून द्यायचा. हुबेहूब म्हणजे गेटवर जी फाईल नाही ती नकलेतूनही काढून टाकायची. यात एक खड्डा आहे, आणि तो लहान मुलालाही समजेल. गेटची मशीन बंद असेल तर सर्व्हरला तिच्या जागी रिकामं खोकं दिसतं. रिकाम्या खोक्याची हुबेहूब नक्कल म्हणजे आणखी एक रिकामं खोकं. होती नव्हती ती नक्कल पुसली जाते.

भिवंडीत तेव्हा लाईट रोज जायची. लूम गप्प झाले की मुलाबाळांना सुद्धा किती वाजले ते कळायचं. आमच्या सर्व्हरला यूपीएस होता. गेटची केबिन मागाहून बांधलेली, तिला नुसती वायर ओढून दिलेली. म्हणजे रोज ठरावीक वेळ सर्व्हर जागा आणि गेट मेलेलं. म्हणून मी तुकड्यात ही एक ओळ घातली होती:

test -f /gate/jivant || exit

गेटच्या मशीनवर "जिवंत" नावाची एक फाईल ठेवली होती. ती दिसली नाही तर पुढे काही करायचं नाही, इथूनच मागे फिरायचं. मागे फिरताना त्या जुन्या मोबाइलवरून सरांना आणि गोदामाच्या मालकांना, शेठना, एसेमेस जायचा. गेट बंद, नक्कल थांबवली.

हा एसेमेसच सरांना झोंबला. रोज लाईट गेली की शेठचा फोन वाजायचा, आणि शेठ विचारायचे, सर, तुमची सिस्टिम रोज बंद कशी पडते? लाईट गेली की थांबणं हेच तिचं शहाणपण आहे, हे सरांनी एकदा समजावून सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण सरांना बंद पडणारी सिस्टिम नको होती. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे लोक गोदाम बघायला येणार होते. त्यांच्यासमोर फोन वाजला तर? सरांनी माझा तुकडा उघडला, वरच्या मराठी ओळी काढल्या, तिथे स्वतःचं नाव घातलं, आणि ती एक ओळ एसेमेससकट काढून टाकली. मला सांगितलं नाही. फोन वाजायचा बंद झाला. शेठ खूश झाले. रोज लाईट गेली की नक्कल पुसली जायची आणि लाईट आली की गेटवरून पुन्हा भरायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका दुपारी लाईट गेली. सर्व्हरने रिकाम्या गेटची इमानेइतबारे नक्कल केली. लाईट परत आली ती अशा झटक्याने, की केबिनमधल्या मशीनची डिस्क जळाली. गेटवर नोंदी नाहीत, सर्व्हरवर नोंदी नाहीत. गोदामात कुठल्या खणात काय आहे हे सांगणारं काही उरलं नाही, आणि बाहेर गाड्या उभ्या.

शेठ अंगणात आले. हमाल, ड्रायव्हर, वॉचमन, सगळे जमले. सर म्हणाले, गेटवालीने चुकून सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलंय, नक्कलही तिच्याच मशीनवरून होते म्हणून तीही गेली.

मैत्रीण केबिनच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "मी हात बी न्हाय लावला. लाईटच न्हवती, तं मशीन चालू कशी करनार मी?"

"लाईट आल्यावर मारलंस."

"आली तवा मशीनीतना धूर निघाला. तुमच्या वॉचमनला विचारा."

वॉचमनने शेठकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी पुढे होऊन म्हणाले की तुकडा उघडून बघू, पाच मिनिटांचं काम आहे. सर माझ्याकडे वळले. "तुझं पत्रक घरी वाच." पुन्हा हसू. शेठना दारातल्या गाड्यांची घाई होती. त्यांनी मैत्रिणीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि जाता जाता, कोणालाच न उद्देशून, म्हणाले की पाड्यावरच्या पोरींना मशीनवर बसवायला नको होतं.

मी रूममध्ये जाऊन तुकडा उघडला. वर सरांचं नाव. माझी ओळ गायब. मी त्याचा कागद काढून घेतला. संध्याकाळपर्यंत सरांनी सगळे पासवर्ड बदलले आणि मला खोक्यांवरची लेबलं छापायला बसवलं.

रविवारी मी पाड्यावर गेले. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती सरपण फोडत होती. मी म्हटलं, तुझी नोकरी परत मिळवून देते. तिने कुऱ्हाड खाली ठेवली.

"कामाचं जाऊं दे. हमाल लोकांनी येऊन सांगलं, मी मशीन मारली. दोन पोरी क्लासला जानार होत्या, त्यांच्या बापांनी नाव काढलं. म्हंतान, आपल्या पोरींच्या हातान मशीन टिकत न्हाय. तेवढं पुसून दे."

मी त्या दिवशी चालत रस्त्यावर आले तेव्हा माझ्या डोक्यात न्याय वगैरे काही नव्हतं. मला त्या माणसाचं वाकडं करायचं होतं. आणि ते मला येत होतं. सर पासवर्ड बदलून निवांत झाले होते, पण माझा एसेमेसचा तुकडा आलेले हुकूमही पाळतो हे त्यांना माहीतच नव्हतं. तो जुना मोबाइल अजून सर्व्हरला जोडलेला होता. माझ्या फोनवरून एक ओळ पाठवली असती तर मुंबईचे लोक समोर बसलेले असताना सगळ्या मशीन झोपल्या असत्या. मी ती ओळ फोनमध्ये लिहून ठेवली. दिवसातून किती वेळा उघडून बघायची, काय सांगू. खिशात निखारा घेऊन फिरल्यासारखं वाटायचं आणि ते मला आवडायचं.

वडिलांना मी ती ओळ दाखवली. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण मी काय करणार ते कळलं. म्हणाले, "बाय, याच्या खाली तुझं नाव कुठंय?"

मी म्हटलं, नाव घालून असलं काही करत नाहीत.

"मग हा बिननावाचा कागद झाला. आणि उद्या तो सर सांगेल, बघा, पोरीच बिघडवतात. त्याच्या पत्रकाला तूच अंगठा देतेस."

मला राग आला. सुडाची अख्खी मजा एका प्रश्नात घालवली म्हणून आला. पण त्यांचं म्हणणं तोडता येईना. मी ओळ पुसली आणि ठरवलं, सूड घ्यायचा तो नाव-पत्त्यासकट.

तेव्हा भिवंडीत गाणी फोनवरून फोनवर ब्लूटूथने फिरायची. हमालापासून शेठपर्यंत सगळ्यांच्या फोनात तीच गाणी. मी ठरवलं, पत्रक तसंच फिरवायचं. फोनवर चालणारे छोटे प्रोग्राम बनवायची मोफत सामग्री सायबर कॅफेतून उतरवून आणली आणि कामावरून आल्यावर शिकत बसले. पडदा काड्यापेटीएवढा. मराठी अक्षरं बहुतेक फोनांना यायची नाहीत, म्हणून प्रत्येक वाक्याचं चित्र करून चिकटवलं. दर फोनची बटणं वेगळी, एकावर चाललेलं दुसऱ्यावर कोसळायचं. आमच्या गल्लीत एक मोबाइल दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फोनवर मी ते घालून बघायची. तो वैतागून म्हणायचा, "बहनजी, इसमें गाना कब आएगा?"

गाणं नव्हतं, खेळ होता. पडद्यावर दोन खोकी. एक गेटचं, एक सर्व्हरचं. दोन्हींत पोती. एक बटण दाबलं की गेट बंद व्हायचं, दुसऱ्याने नक्कल व्हायची. खेळाचे दोन भाग. "सरांचा प्रोग्राम" निवडून गेट बंद करा आणि नक्कल दाबा, दोन्ही खोकी रिकामी. "ओळ असलेला प्रोग्राम" निवडून तेच करा, पडद्यावर यायचं: जिवंत? नाही. गेट बंद, थांबले. पोती जागच्या जागी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पोती गेलेली दिसतात. शेवटच्या पानावर दोन वाक्यं होती. गेटवरच्या मुलीने काही पुसलेलं नाही, थांबवणारी ओळ सरांनी काढली. त्याखाली माझं नाव, नारपोलीचा पत्ता.

वडिलांनी माझ्या फोनवर ते खेळून पाहिलं. आधी शेवटचं पान, मग पहिलं. मग म्हणाले, ज्याच्या विरुद्ध लिहिलंय त्याला पहिली प्रत हातात द्यायची. युनियनमध्ये मालकाला ते स्वतः नेऊन द्यायचे. मी म्हटलं, फोनची प्रत हातात कशी देणार? ते म्हणाले, ते तू बघ.

मी सकाळी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि त्यांच्या फोनवर पाठवलं. त्यांच्या पडद्यावर प्रश्न आला, घ्यायचं का? त्यांना वाटलं रिंगटोन. घेतलं. उघडलं. बटणं दाबली. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा पोती नाहीशी झाली तेव्हा हसू तोंडावरच राहून गेलं आणि डोळे माझ्याकडे वळले. तो चेहरा मी आजही काढून बघते, बरं वाटतं.

"कोणाकोणाला दिलंस हे?"

"पहिली प्रत तुमची, सर. आमच्यात तसंच असतं."

माझी नोकरी त्या दिवशी गेली. गेटमधून बाहेर पडतानाच मी वॉचमनच्या फोनवर पाठवलं. तोच तो, जो गप्प राहिला होता. त्याने मान खाली घालून घेतलं.

पुढचं काम लाईटने केलं. ती गेली की वळ नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्या गोदामांतली माणसं जमायची, ऑपरेटर, हमाल, ड्रायव्हर. करायला दुसरं काही नसायचं. फोन होते आणि खेळ होता. मी रोज त्या वेळेला टपरीवर जाऊन बसायची आणि फिरताना बघायची. एका फोनवरून तीन फोनांवर, तिथून पुढच्या गोदामांत. मग सर चहाला आले तेव्हा एका ड्रायव्हरने अगदी अदबीने विचारलं, "क्या सर, गेट बंद है? नक्कल चालू है?" एका हमालाने दुसऱ्याला सांगितलं, सरांच्या देखत गाडी खाली करू नको रे, पलीकडचं गोदाम पण रिकामं होईल. सरांनी चहा अर्धा टाकला. ते टपरीवर यायचे बंद झाले, तर चहा नेणारा माणूस रूममध्ये कप ठेवताना विचारायचा, "सर, जिवंत?"

कोणी म्हणेल, किती हा दुष्टपणा. आहेच. तिला अंगणात उभं करून हसले होते ना? मग त्यांनाही हसू ऐकू दे, त्याच जातीचं, तितक्याच माणसांसमोर.

खेळ शेठच्या फोनवरही पोचला. त्यांनी सरांना बोलावून खऱ्या मशीनवर तेच करून दाखवायला सांगितलं. सर म्हणाले, चालू सिस्टिमवर असले प्रयोग करत नाहीत. शेठ व्यापारी माणूस, उत्तरात काय लपवलंय ते त्यांना कळलं. पण चूक गोदामाची होती हे बाहेर कळलं तर मुंबईची कंपनी हातची जाईल, ही भीती. म्हणून सरांना आवाज न करता जाऊ दिलं, स्वतःच्या मर्जीने सोडतोय असं म्हणून. आणि मैत्रिणीकडे वॉचमनच्या हातून निरोप पाठवला की यायचं तर ये.

तिने विचारलं, शेठ अंगनात बोलनार का? वॉचमन म्हणाला, कशाला वाढवतेस, काम मिळतंय ना. ती म्हणाली, "जिथं बोलला तिथंच उभा राहून सांग म्हनावं, हिनं न्हाय मारली. तवा येतंय."

शेठ अंगणात आले नाहीत. ती गेली नाही. नंतर शेलारकडच्या एका गोदामात तिला घेतलं, तिथल्या ऑपरेटरांच्या फोनात खेळ होता म्हणून. क्लासला जाणाऱ्या दोन पोरींपैकी एकीचं नाव बापाने परत घातलं. दुसरीचं घातलं नाही. तिचं लग्न झालं.

इथे मी थांबले असते, तर तुम्हाला वाटलं असतं हिशेब पुरा झाला. मलाही मध्यंतरी तसं वाटत होतं. पण परवा एक ओळखीचा मुलगा भेटला. सर्व्हर सांभाळायचं शिक्षण देणाऱ्या एका क्लासला तो जातो. शिकवायला तेच सर आहेत. मुलांना हसवायला ते एक किस्सा सांगतात, भिवंडीच्या एका गोदामात एका गेटवालीने एका बोटात सगळं कसं उडवलं. पोरं हसतात. हाही हसला होता. म्हणजे जे पुसून दे म्हणून तिने मला सांगितलं होतं, त्याची नक्कल अजून दर बॅचला होते आहे.

ब्लूटूथचा खेळ आता कोणाच्या फोनात नाही. त्या वर्गात मला कोणी बसू देणार नाही. तुम्हाला बसू देतील. म्हणून विनंती आहे. तुम्ही, तुमचा भाऊ, तुमची मुलगी असल्या कुठल्याही वर्गात असाल आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला कोणी गेटवालीचा किस्सा सुरू करेल, तर उभे राहा. सगळ्यांसमोर म्हणा, सर, त्या दिवशीचा प्रोग्राम फळ्यावर लिहा, आणि एक मशीन बंद करून आम्हाला इथे चालवून दाखवा. ते विषय बदलतील, वेळ संपली म्हणतील, हसण्यावारी नेतील. तुम्ही खाली बसू नका.